द किती, उ किती : कोकणच्या कड्यावरून समुद्रपक्ष्यांची मोजणी

माझ्या पहिल्या वहीत एका पानावर एवढंच आहे : "रत्नदुर्ग. सकाळ. सीगल खूप. वारा होता." त्या दिवशी मी तीन तास बसले होते, डोळे चुरचुरेपर्यंत पाहिलं होतं, आणि आज त्या पानाचा काडीचा उपयोग नाही. खूप म्हणजे किती? चालले होते कुठे? वारा कुठला? दोन वर्षांनंतरच्या वहीत एक ओळ आहे : "७.०० ते ७.१५. सुरय द ४, उ १. स्कुआ ०." सुरय म्हणजे टर्न, स्कुआ हा दुसरा एक समुद्रपक्षी, 'द' आणि 'उ' म्हणजे दक्षिणेला आणि उत्तरेला गेलेले. दिसायला रुक्ष, पण आजही कामाची, त्या शून्यासकट. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर कसं यायचं, ते इथे सांगते.

जागा

किनाऱ्याला समांतर उडणारा पक्षी प्रत्येक खाडीत वळत बसत नाही. तो एका टोकावरून पुढच्या टोकाकडे सरळ कापत जातो. म्हणून समुद्रात घुसलेलं टोक शोधायचं. रत्नागिरीचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात आहे, वर भगवतीचं देऊळ आणि दीपगृह, पायथ्याशी मिरकरवाड्याचं मच्छीमार बंदर. देवगड, विजयदुर्ग, जयगड, वेंगुर्ल्याचं दीपगृह, गोव्यातला काब द रामचा किल्ला या जागाही याच जातकुळीतल्या. तुमच्या गावाजवळचं टोक यांच्याइतकं नावाजलेलं नसलं तरी चालेल. तिथे तुम्हाला आठवड्यातून दोनदा जाता येतं का, हे जास्त महत्त्वाचं.

वाळूवर उभं राहून मोजणी होत नाही. पाण्यालगत उडणारा पक्षी लाटेच्या खळग्यात गेला की संपला. उंचीचा हिशेब सोपा आहे : समुद्रसपाटीपासून तुमच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. २ मीटरवरून ५ किलोमीटर, १० मीटरवरून ११, ३० मीटरवरून साधारण २०, ५० मीटरवरून २५.

आकडे पाहून कोणालाही वाटेल की चढा सगळ्यात वरच्या बुरुजावर. मीही तेच केलं होतं. पण तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे सुरय म्हणजे नुसता पांढरा ठिपका, तेव्हा पंचवीस किलोमीटरचं क्षितिज हवंय कोणाला? शिवाय जितकं वर जावं तितका पक्षी आभाळावर न दिसता पाण्यावर दिसतो, आणि काळपट पक्षी करड्या पाण्यात विरघळून जातो. मला १५ ते ४० मीटरच्या दरम्यानची, तटाच्या आडोशाची जागा बरी वाटते. उंची मोबाईलच्या जीपीएसवरून घेऊ नका, तो उंचीत सर्रास चुकतो. समोच्च रेषांचा नकाशा पाहा.

जागा एकदा ठरली की बदलायची नाही. बूड टेकायचा दगडसुद्धा तोच. दहा पावलं बाजूला सरकलात तर खडकामागचा समुद्राचा एक तुकडा नव्याने दिसायला लागतो आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना संपते.

जांभ्याचा कडा पावसात शेवाळतो आणि काठाचे दगड सुटतात, त्यामुळे काठापासून दोन माणसांचं अंतर ठेवा. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची वीज दुपारी चढून येते. पहिला गडगडाट ऐकला की धातूच्या तिवईपाशी (ट्रायपॉडपाशी) थांबायचं नाही.

आता लोकांचं. कोकणात तिवई लावून कोणी उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "सर्व्हे कसला चाललाय?" गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने इतके सर्व्हे पाहिलेत की प्रश्न रास्तच आहे. मी दुर्बीण त्यांच्याच डोळ्याला लावते. एकदा समोरचा स्वतः पाहून "अरे, चोच पिवळी आहे" म्हणाला की विषय संपतो, आणि पुढच्या वेळी तोच माणूस दुसऱ्यांना समजावतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर लांबची दुर्बीण घेऊन बसणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं, तेही गैर नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात साध्या कागदावर कळवून ठेवा, ओळखपत्र जवळ बाळगा, बंदराचे आणि तटरक्षक दलाच्या बोटींचे फोटो काढू नका. रत्नदुर्गावर नवरात्रात जायचं असेल तर देवळापासून लांबची बाजू धरा. त्या नऊ दिवसांत तिथे पक्ष्यांपेक्षा माणसं मोजून होतील.

वेळ आणि वारा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे आपलं भाग्य. सकाळी ऊन पाठीशी, समोरच्या पक्ष्याच्या अंगावर पडलेलं. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ सोन्याचा. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून प्रत्येक पक्षी मृगजळात पोहल्यासारखा दिसतो. दुपारनंतर ऊन समोर येतं, मग सगळे पक्षी काळेच.

अडचण अशी की वारा याच्या बरोबर उलट वागतो. पावसाळा सरल्यावर पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. तो पक्ष्यांना बाहेर ढकलतो. दुपारी खारा वारा सुटला की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, पण तेव्हा चकाकी. दोन्ही एकदम मिळत नाही. मी उजेडाची बाजू घेते. लांबचा पण ओळखता येणारा पक्षी, जवळच्या काळ्या सावलीपेक्षा बरा. ढगाळ दुपार मात्र सोडू नका, तेव्हा दोन्ही मिळतं.

वर्षाची वाटणी मला अशी दिसते. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेकडची वर्दळ : सुरय, अधूनमधून स्कुआ, पाण्याला चिकटून जाणारे चिलख्या-तुतवार या छोट्या पाणपक्ष्यांचे थवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुरव, म्हणजे सीगल, येऊन ठेपतात. डिसेंबर ते फेब्रुवारी प्रवास जवळजवळ थांबतो, पक्षी इथेच राहून पोट भरतात. हा काळ मोजणीला निरस, पण ओळख पक्की करायला यासारखा नाही. मार्चमध्ये कुरवांची डोकी काळी-तपकिरी होऊ लागतात, ते उत्तरेला निघतात, आणि एप्रिल-मेमध्ये सुरय.

मग पावसाळा. बहुतेक पक्षीमित्र तेव्हा दुर्बिणी सिलिका जेलच्या डब्यात ठेवतात. खरं तर कोकणच्या समुद्रावर दोन स्थलांतरं आळीपाळीने येतात. हिवाळ्यात उत्तरेचे पाहुणे : ह्यूग्लिनचा कुरव रशियाच्या टुंड्रातून, तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखच्या सरोवरांवरून. पावसाळ्यात दक्षिणेचे : फ्लेश-फूटेड शिअरवॉटर ऑस्ट्रेलियाकडच्या बेटांवर वीण करतो, विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाच्या भागात. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, आणि ते तो अरबी समुद्रावर काढतात. ते खोल समुद्राचे पक्षी, एरवी किनाऱ्याकडे फिरकत नाहीत. पण दोन-तीन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा लागला, की सर ओसरल्यानंतरच्या अर्ध्या तासात कड्यावरून काय दिसेल याचा नेम नसतो.

सामान

दहा पटीची किंवा आठ पटीची साधी दुर्बीण आणि तिवईवरची मोठी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप. स्कोपवर ६० पट मोठं दिसतं म्हणून ६० वर लावायचं नाही. वाऱ्यात ते थरथरतं आणि दृश्य इतकं अरुंद होतं की पक्षी सापडतच नाही. २५ ते ३० पट पुरे. तिवईचे पाय आखूड ठेवा, खाली बसा, मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगा. घडीची खुर्ची ही चैन नाही, दोन तासांनी पाठीला विचारा.

बोटात अडकवायचं क्लिकर, म्हणजे दाबून मोजायचं यंत्र, घ्या, शक्य तर दोन : उजव्या हातात उत्तर, डाव्या हातात दक्षिण. समुद्राकडे तोंड केलं की दिशा त्याच बाजूंना असतात, त्यामुळे चुकायला होत नाही. पेन्सिल घ्या. जेल पेनने लिहिलेलं एका शिंतोड्यात निळं तळं होतं. आणि एक सहा इंची प्लास्टिकची पट्टी घ्या, तिचं काम पुढे येतंय.

रेषा

आता मुख्य गोष्ट. बसल्या जागेपासून थेट पश्चिमेला, क्षितिजापर्यंत, मनातल्या मनात एक रेषा ओढा. होकायंत्रावर २७० अंश. जो पक्षी ही रेषा ओलांडेल तो मोजायचा. जो ओलांडणार नाही तो, कितीही देखणा असला तरी, मोजणीत नाही. स्कोप या रेषेवर स्थिर ठेवायचा, क्षितिज दृश्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात येईल असा, आणि हलवायचा नाही.

नवशिक्यांना हे जमत नाही. हात शिवशिवतात. डावीकडे काहीतरी पांढरं हललं की स्कोप तिकडे, तोवर रेषेवरून सहा गेले. स्कोप फिरवत राहिलात तर एकच पक्षी तीनदा मोजला जाण्याची भीती असते, रेषेवर तो एकदाच येतो. दुसरा माणूस सोबत असेल तर त्याने साध्या दुर्बिणीने जवळचं पाणी आणि वरचं आभाळ पाहावं, रेषा मात्र तीच.

दृश्यात पक्षी किती वेळ असतो, याचा अंदाज घ्या. ३० पटीच्या स्कोपमध्ये साधारण २ अंशांचं दृश्य दिसतं. दीड किलोमीटरवर ते जेमतेम ५२ मीटर रुंद. ताशी ४० किलोमीटरने जाणारा सुरय ते चार-पाच सेकंदांत पार करतो. एवढ्यात पुस्तक उघडून ओळख होत नाही. काय पाहायचं याचा क्रम आधीच डोक्यात हवा : दिशा, आकार, पंखांची हालचाल, मग चोच. दिशा पहिली, कारण बाकी सगळं चुकलं तरी "सुरय, द" एवढी नोंद हाती राहते.

वेळेचा नियम : पंधरा मिनिटं मोजणी, पाच मिनिटं विसावा. तासाला तीन फेऱ्या. विसाव्यात लिहायचं, पाणी प्यायचं, डोळे मिटायचे, समुद्राकडे पाहायचं नाही. नेमका तेव्हाच फ्रिगेट पक्षी डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. फेरीबाहेर दिसलेला पक्षी वहीच्या मागच्या पानावर लिहा, बेरजेत घेऊ नका. हा नियम पाळताना मला फार त्रास झालेला आहे, पण तो एकदा मोडला की पंधरा मिनिटांना काही अर्थच राहत नाही.

दोघं असाल तर एक पाहणार, एक लिहिणार, दर दोन फेऱ्यांनी अदलाबदल. मी शाळेत शिकवते, त्यामुळे लिहायला आठवीतली मुलं मिळतात. ती उत्तम लिहितात, कारण "अंदाजे टाक" म्हटलं की त्यांना पटत नाही.

थवे मोजायची तालीम घरी करा. ताटात मूठभर तांदूळ टाका, तीन सेकंद पाहा, आकडा बोला, मग मोजा. मोठ्या थव्याचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचाच कमी येतो. पन्नासच्या आत एकेक मोजायचं. त्यापुढे दहांचा एक गठ्ठा डोळ्यात धरायचा आणि तो गठ्ठा थव्यावर सरकवत न्यायचा.

पट्टीने समुद्र मोजणं

पक्षी किती लांबून गेला, हे नोंदवणं गरजेचं आहे. धुक्याच्या दिवशी अर्ध्या किलोमीटरपर्यंतच दिसत असेल तर कमी पक्षी दिसणारच, त्याचा दोष पक्ष्यांना नको. पाण्यावर अंतराचा अंदाज बांधणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यासाठी पट्टी.

हात सरळ लांब करा. डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या, बहुतेकांचं ६० सेंटिमीटरच्या आसपास भरतं. पट्टी उभी धरा, शून्याची खूण क्षितिजावर टेकवा. आता क्षितिजाच्या किती मिलिमीटर खाली पक्षी पाण्यालगत उडतोय ते वाचा. तुमची उंची ५० मीटर असेल तर ५८ मिलिमीटर खाली म्हणजे अर्धा किलोमीटर, २८ म्हणजे एक, १३ म्हणजे दोन, ८ म्हणजे तीन, आणि ४ म्हणजे पाच. उंची ३० मीटर असेल तर एक किलोमीटरची खूण १६ मिलिमीटरवर येते. आपल्या जागेच्या उंचीसाठी हे आकडे काढून पट्टीवर मार्करने रेघा ओढून ठेवा. सूत्र : उंची भागिले अंतर (दोन्ही मीटरमध्ये), त्यातून उंचीच्या वर्गमुळाची ०.०००५६ पट वजा, आणि उत्तर गुणिले ६०० (डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये). येतील ते मिलिमीटर.

प्रत्येक पक्ष्यासाठी पट्टी काढत बसायची नाही. फेरीच्या सुरुवातीला एखादी होडी, तरंगता बोया, जाळ्याचे बोंडके (तरंगते गोळे) यांची अंतरं काढून ठेवायची. मग पक्ष्यासाठी तीनच पट्टे : अर्ध्या किलोमीटरच्या आत, अर्धा ते दोन, दोनच्या पलीकडे. हे सगळं पाण्यालगतच्या पक्ष्यांना लागू. उंच उडणाऱ्याला ही पट्टी फसते.

कुरव कुठे चाललेत?

दुसऱ्या वर्षी मी रेषा, फेरी, क्लिकर सगळं शिकून घेतलं होतं. नोव्हेंबरात एका सकाळी मोठे कुरव एकामागून एक दक्षिणेला जाताना दिसले. क्लिकर थांबेना. स्थलांतराची लाट आपल्याला सापडली म्हणून मी हरखून गेले. शेजारी एक म्हातारे तांडेल बसले होते, आयुष्य ट्रॉलरवर गेलेलं, आता नातवाला सकाळी फिरवायला आणतात. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, काय मोजताय?"

"कुरव. रशियातून आलेत, दक्षिणेला चाललेत."

"रशियातून आले असतील," ते म्हणाले. "पण आता बोटींकडे चाललेत. नऊ वाजता बघा, आमच्या बोटी बंदराला लागायला येतील, हेच सगळे मागून परत येतील."

नऊला तसंच झालं. मी उठून गेले असते तर वहीत सगळे 'द' राहिले असते.

कोकणातल्या मोजणीची ही सगळ्यात मोठी खोच आहे. युरोप-अमेरिकेच्या नामांकित टोकांवरून लिहिलेली मार्गदर्शनं वाचली तर ही अडचण एवढी ठळक दिसत नाही. आपल्याकडे प्रत्येक टोकाखाली बंदर आहे आणि प्रत्येक बंदराला मागून येणारे कुरव-सुरय आहेत. त्यावर मी तीन उपाय करते.

पहिला, दोन्ही दिशा लिहायच्या आणि वजाबाकी करायची. समजा सहा फेऱ्यांत, म्हणजे ९० मिनिटांत, छोटे तुरेवाले सुरय दक्षिणेला ६१ गेले, उत्तरेला १३. निव्वळ ४८ दक्षिणेला, म्हणजे तासाला ३२. हाच आकडा मिरवायचा, ६१ नाही. दुसरा, फेरी सुरू होताना नजरेच्या टप्प्यातल्या मासेमारी बोटी मोजून लिहायच्या. बोटी वाढल्या की पक्षी वाढतात, पुढे वही चाळताना हे लगेच उमगतं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत ट्रॉलर बंदरात असतात, तेव्हाची मोजणी त्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ. तिसरा उपाय स्वभावाकडे पाहायचा. प्रवासाला निघालेला पक्षी ठरावीक उंचीवरून, ठरावीक लयीत, खाली न बघता जातो. पोटासाठी हिंडणारा मान खाली घालून, थबकत, वळत जातो. या दुसऱ्यांसाठी माझ्या वहीत 'घि' आहे, घिरट्या. 'घि' बेरजेत नाही.

लांबून ओळख

रंगावर विसंबू नका, लांबून सगळे करडे. आधी उडण्याची ढब. कुरव सावकाश, जड पंखांनी, घरच्यासारखा उडतो. सुरय निमुळत्या पंखांनी, प्रत्येक फटक्यासरशी अंग वरखाली करत. शिअरवॉटर पंख ताठ ठेवून, एकदा या कुशीवर एकदा त्या कुशीवर कलत, लाटेला पोट घासत जातो. स्कुआ दिसायला काळपट, उडायला ससाण्यासारखा. सुरयांच्या थव्यात अचानक गोंधळ उडाला आणि एक काळा पक्षी एकाच सुरयाच्या मागे हात धुऊन लागला, तर तोच. त्याला मासा पकडायचा नसतो, पकडलेला हिसकायचा असतो.

सुरयांत चोच बोलते. छोट्या तुरेवाल्याची नारिंगी, मोठ्या तुरेवाल्याची पिवळी-हिरवट, आणि तो अंगानेही दांडगा. कॅस्पियनची गाजरासारखी लाल, हा तर कुरवाएवढा मोठा. सँडविचची काळी, टोक पिवळं. गल-बिल्डची आखूड, जाड, काळी. पाठ गडद असेल तर कान टवकारा : डोक्याची काळी टोपी आणि पाठ यांच्यामध्ये फिकट पट्टा असेल तर ब्रायडल्ड सुरय, डोक्यापासून पाठीपर्यंत सलग काळा असेल तर सूटी. ब्रायडल्ड वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करतो, सूटीची वस्ती लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर आहे. म्हणजे आपल्या घरचेच.

छोट्या कुरवांत पंखाचं टोक पाहा. तपकिरी डोक्याच्याचं टोक काळं, त्यात पांढरा ठिपका. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, पाचरीसारखी. डोक्याचा रंग हिवाळ्यात दोघांचाही गेलेला असतो, त्यामुळे नावावर जाऊ नका. मोठ्या कुरवांचे पोटभेद, ह्यूग्लिन की स्टेप, दोन किलोमीटरवरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मला शंका येते. मी "मोठा कुरव" लिहिते.

फॅलरोपने मला बराच काळ चकवलं. तुतवारांचा बारीक थवा लाटांवरून चालला असं वाटतं, आणि बघता बघता तो समुद्रावर उतरून तरंगायला लागतो. तुतवार असं करत नाहीत. हा युरोप-रशियाच्या उत्तर टोकाकडून येऊन अरबी समुद्रावर हिवाळा काढतो.

नाव जमलं नाही तर "सुरय, अनोळखी" हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. एखाद्या सकाळी माझे तिसरा हिस्सा पक्षी अनोळखी असतात. सगळेच ओळखू आले तर मीच स्वतःकडे संशयाने पाहीन.

वहीचं पान

नमुना असा :

"फेरी २, ७.००–७.१५. वारा पूर्व, मंद. समुद्र २. दृश्यता ८ किमी. ढग २/८. बोटी ११. पाहणारे १, लिहिणारे १.
छोटा तुरेवाला सुरय : द ९, उ २ (अर्धा–२)
मोठा कुरव : द ३, उ ०, घि १४
सुरय अनोळखी : द ४ (२+)
स्कुआ ०. शिअरवॉटर ०."

'समुद्र २' म्हणजे लहान लाटा, फेस नाही. तुरळक फेसाचे तुरे दिसले की ३, ठिकठिकाणी दिसले की ४. त्यापुढे छोटे पक्षी हातचे जातातच, म्हणून आकडा लिहायलाच हवा. 'ढग २/८' म्हणजे आभाळाच्या आठ भागांपैकी दोन झाकलेले. पाहणाऱ्यांची संख्याही लिहा, चार डोळ्यांना दोनपेक्षा जास्त दिसतं. काहीच गेलं नाही अशी फेरीही पूर्ण लिहायची, वाऱ्यासकट. माझ्या फेब्रुवारीच्या वह्या अशा शून्यांनी भरलेल्या आहेत, आणि त्यामुळेच मार्चमधला पहिला 'उ' उठून दिसतो.

घरी आल्यावर नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायच्या असतील तर 'स्टेशनरी' (एका जागी थांबून केलेली नोंद) हा प्रकार निवडा, दर तासाची वेगळी यादी करा, दिशा टिपणात लिहा. सगळ्या सकाळची एकच यादी केली तर सात वाजताचं आणि नऊ वाजताचं एकमेकांत कालवलं जातं. कागदाची वही मात्र टाकू नका. फेऱ्या आणि 'घि' तिच्यातच राहतात.

वाळूवर पडलेला पक्षी

पावसाळ्यात मोजणीहून परतताना केव्हातरी हे होणारच : भरतीच्या रेषेवर एक मोठा पांढरा पक्षी, पंखाची मागची कड काळी, तोंडावर काळा मुखवटा. मास्क्ड बूबी. वादळाने थकवून किनाऱ्याला आणलेला. लोक जमतात, कोणी त्याला पुन्हा पाण्यात ढकलतं, कोणी पाव भरवतं. दोन्ही करू नका. ज्या पाण्यातून तो कसाबसा सुटला त्यात परत गेला तर बुडेल. अंगावर जाड टॉवेल टाका, हातमोजे घाला, चोच आपल्या तोंडापासून लांब ठेवा, ती सुरीसारखी लागते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. घरी ठेवून घेणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. मेलेला आढळला तर चोच, पाय आणि उघडलेला पंख यांचे फोटो पट्टीसह काढा, जागा आणि तारीख लिहा. नुसत्या हाताने उचलू नका.

घरी पोचलात की चहाच्या आधी तिवईचे पाय गोड्या पाण्याने धुवा, सगळ्या सांध्यांसकट. माझी पहिली तिवई खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात अशी धरली की पाय आत जाईनात, ती तशीच उघडी बसमधून घरी आणावी लागली. आणि हो, त्या दिवशीही सगळ्यांनी विचारलं, सर्व्हे कसला.